धावून आल्यानंतरचा पहिला तास

सदाशिव पेठेत राहून राज्यसेवेची तयारी करणाऱ्या एका २५ वर्षांच्या विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. ती रोज पहाटे साडेपाचला पाच किलोमीटर धावते, सहाला खोलीवर येते आणि नऊला अभ्यासिकेत बसते. खोलीतली मैत्रीण तिला म्हणते, "सकाळी सकाळी एवढी दमतेस, मग दिवसभर डोकं कसं चालणार?" तिला स्वतःला मात्र धावलेल्या दिवशी तरतरीत वाटतं. एकदाच केलेल्या व्यायामाचा त्या दिवशीच्या बुद्धीवर खरोखर परिणाम होतो का, होत असेल तर तो किती वेळ टिकतो, धावणं किती जोरात असावं आणि परीक्षेच्या दिवशी धावावं का, असं तिने विचारलं आहे.

मी पुण्यात तेवीस वर्षं फिजिओथेरपी करते आहे. खेळाडूंबरोबरच स्पर्धा परीक्षा देणारी मुलंमुली माझ्याकडे येतात, बहुतेक मान आणि कंबर धरून. त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. उत्तर आधी सांगते: होय, परिणाम होतो. तो लहान असतो, व्यायाम संपल्यावर थोड्या वेळाने सर्वांत चांगला दिसतो आणि पुढे ओसरत जातो. तुमच्या वेळापत्रकाची अडचण धावणं ही नाहीच. तुम्ही सहाला थांबता आणि नऊला पुस्तक उघडता. मेंदू सर्वांत जागा असतो तो वेळ आंघोळ, चहा, मेसची रांग आणि मोबाइल यात निघून जातो.

आता "लहान" म्हणजे किती ते सांगायला हवं, कारण यावर भरमसाट दावे ऐकायला मिळतात. २०१२ मध्ये चँग नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी एकेकट्या व्यायामसत्रावरचे ७९ अभ्यास एकत्र करून त्यांचं गणित मांडलं. सरासरी परिणाम निघाला ०.०९७. हा आकडा असा वाचायचा: व्यायाम केलेल्यांतला एक आणि न केलेल्यांतला एक, अशा शंभर जोड्या लावल्या, तर साधारण ५३ जोड्यांत व्यायाम केलेला माणूस चाचणीत पुढे असेल. काहीच परिणाम नसता तर ५० जोड्यांत पुढे असता. म्हणजे शंभरात तीन जोड्यांचा फरक. एका सकाळी धावून कोणी हुशार होत नाही. पण ही झाली सगळ्या प्रकारच्या व्यायामांची, सगळ्या चाचण्यांची आणि सगळ्या वेळांची सरासरी. तिच्या पोटात शिरलं की काही ठिकाणी परिणाम जवळजवळ नाही, तर काही ठिकाणी दुपटीहून जास्त आहे. तुमच्या कामाचं तिथेच सापडतं.

वेळेचंच घ्या. याच मांडणीत, व्यायाम थांबवल्यावर ११ ते २० मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा फायदा सर्वांत ठळक दिसला. त्यानंतर तो कमी होत गेला. व्यायाम २० मिनिटांहून जास्त वेळ केलेला असेल तर निकाल अधिक चांगले होते. तुमचं पाच किलोमीटरचं धावणं अर्ध्या तासाच्या आसपासचं असणार, म्हणजे मात्रा योग्य आहे. चुकतंय ते पुढचं.

व्यायाम चालू असताना काय होतं, हे लँबर्न आणि टॉम्पोरोव्स्की या संशोधकांनी २०१० मध्ये वेगळं काढून पाहिलं. व्यायामाच्या पहिल्या वीस मिनिटांत चाचण्यांमधली कामगिरी थोडी घसरते आणि व्यायाम संपल्यावर ती आधीपेक्षा थोडी वर जाते, असं त्यांना आढळलं. त्यामुळे धावताना कानात चालू घडामोडींचं लेक्चर लावणाऱ्या मुलांना मी सांगते, ऐकायचं असेल तर ऐका, पण तो अभ्यास झाला असं धरू नका. पाय कुठे पडतोय, श्वास कसा चाललाय, रिक्षा कुठून येतेय, हे सांभाळण्यात मेंदू गुंतलेला असतो. विचार करणाऱ्या पुढच्या भागाला तेवढ्यापुरतं कमी मिळतं.

मग थांबल्यावर नेमकं काय होतं? सगळ्यांच्या तोंडी असलेलं कारण म्हणजे "मेंदूला रक्तपुरवठा वाढतो". ते अर्धं खरं आहे. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण विसाव्याला असताना शरीर वापरतं त्यातला वीस टक्के ऑक्सिजन त्याला लागतो. एवढ्या महत्त्वाच्या अवयवाचा पुरवठा शरीर सहजासहजी वरखाली होऊ देत नाही. मध्यम जोराच्या व्यायामात तो थोडा वाढतो. जोर आणखी वाढला आणि धाप लागली की आपण कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर टाकतो, रक्तातलं त्याचं प्रमाण उतरतं आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. म्हणजे जीव तोडून धावताना मेंदूचा रक्तपुरवठा उलट खाली येऊ लागतो. नुसत्या रक्तपुरवठ्याने सगळं समजावता येत नाही ते यामुळे.

जास्त पटणारं कारण रसायनांचं आहे. मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा एक छोटासा निळसर ठिपका आहे. तिथून नॉरॲड्रेनॅलिन मेंदूभर पसरतं. शरीर हललं, हृदयाचे ठोके वाढले की हा ठिपका जागा होतो. सोबत डोपामिन वाढतं. ही दोन्ही रसायनं बेताच्या प्रमाणात असली की कपाळामागचा भाग, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, छान काम करतो: नको ते बाजूला सारणं, दोन-तीन गोष्टी एकदम डोक्यात धरून ठेवणं, एका प्रकारच्या प्रश्नावरून दुसऱ्यावर पटकन जाणं. दोन्ही फार कमी असली की पेंग येते, फार जास्त झाली की चित्त सैरभैर होतं. यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून उत्तेजना आणि कामगिरीचं नातं मांडलं होतं. आज ते आपण डोंगराच्या आकाराच्या रेषेने काढतो. काम जितकं किचकट, तितका त्या डोंगराचा माथा अलीकडे सरकतो. म्हणजे सीसॅटचा, तुमच्या पूर्वपरीक्षेतल्या आकलन आणि तर्काच्या पेपरचा, उतारा सोडवायला लागणारी उत्तेजना धावायला लागणाऱ्या उत्तेजनेपेक्षा कमीच हवी. म्हणूनच थांबल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी, ठोके खाली उतरत आलेले आणि रसायनं अजून पुरती ओसरलेली नाहीत अशा वेळी, डोकं चांगलं चालतं.

बीडीएनएफचं नाव तुम्ही कुठेतरी वाचलं असेलच. चेतापेशींची जोपासना करणारं हे प्रथिन आहे. व्यायामानंतर ते रक्तात वाढतं हे खरं, पण बहुधा तासाभरात पूर्वपदावर येतं. "एकदा धावलात की नव्या पेशी उगवतात" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पेशी तयार होऊन कामाला लागायला आठवडे लागतात.

किती जोरात धावायचं, हा तुमच्या प्रश्नाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं खरं ठरतं ते इथेच.

काही वर्षांपूर्वी पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं माझ्याकडे नडगीच्या दुखण्यासाठी यायची. भरतीत मुलांना १६०० मीटर धावावं लागतं आणि गुण वेळेवर मिळतात. त्यामुळे पहाटे मैदानावर ४०० मीटरच्या फेऱ्या, मध्ये जेमतेम विश्रांती, पुन्हा फेरी, असा त्यांचा सराव चाले. मग खोलीवर येऊन लेखी परीक्षेचं पुस्तक. सगळ्यांची तक्रार एकच: "मॅडम, तीच ओळ चारदा वाचतो, डोक्यात शिरत नाही." त्यांना वाटायचं आपण अभ्यासात कच्चे आहोत. मी त्यांना जोराचा सराव संध्याकाळी घ्यायला सांगितला, सकाळी फक्त हलकं जॉगिंग ठेवलं. त्यांची नडगी बरी झाली ती वेगळ्या कारणांनी. सकाळचा अभ्यास मात्र पहिल्याच आठवड्यात सुधारला, असं त्यांनी आपणहून सांगितलं. हा काही प्रयोग नव्हे. पण इतक्या मुलांकडून तेच ऐकल्यावर मी सकाळच्या अभ्यासाआधी कोणालाही जीव तोडून धावायला सांगत नाही.

तुमच्यासाठी आकड्यांत सांगायचं तर, वयाला ०.७ ने गुणून ते २०८ मधून वजा करा. २५ व्या वर्षी कमाल ठोके साधारण १९० येतात. त्याच्या ६० ते ७५ टक्के म्हणजे मिनिटाला ११५ ते १४० च्या आसपास. घड्याळ नसेल तर बोलून पाहा. धावताना पूर्ण वाक्य बोलता येतंय, पण गाणं म्हणता येत नाही, हा तो वेग. शेवटच्या किलोमीटरला स्वतःचाच विक्रम मोडायचा मोह होतो. तो रविवारसाठी ठेवा.

याला एक अपवाद आहे, तोही सांगते. २००७ मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टर विद्यापीठात २७ जणांकडून तीन-तीन मिनिटांच्या दोन जबरदस्त धावा करून घेतल्या आणि नंतर त्यांना नवे शब्द शिकवले. शांत बसलेल्या किंवा हळू धावलेल्या दिवसांच्या तुलनेत त्यांनी ते शब्द २० टक्के वेगाने आत्मसात केले. मग माझं वरचं म्हणणं खोटं का? ते सगळे क्रीडाशास्त्राचे विद्यार्थी होते. सहा मिनिटांच्या जोरातून काही मिनिटांत सावरण्याची त्यांना सवय होती. सराव नसलेल्या माणसाला तीच धाव अर्धा दिवस आडवं करते. "जोरात" आणि "हळू" ही मापं ज्याच्या त्याच्या दमसासाची असतात.

आणखी एक अभ्यास मला फार आवडतो, कारण तो साधा आहे आणि तिथली मुलं आपल्या चौथीच्या वर्गातल्यासारखी आहेत. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स हिलमन यांनी नऊ-दहा वर्षांच्या २० मुलांना एका दिवशी ट्रेडमिलवर २० मिनिटं चालवलं, कमाल ठोक्यांच्या ६० टक्क्यांवर. दुसऱ्या दिवशी त्यांना नुसतं बसवलं. चालल्यावर ठोके पूर्ववत झाले की चाचणी. त्यात मधल्या चिन्हाकडे लक्ष द्यायचं आणि आजूबाजूच्या फसव्या चिन्हांकडे दुर्लक्ष करायचं. चाललेल्या दिवशी मुलांच्या चुका कमी झाल्या, वाचून अर्थ लावण्याच्या चाचणीत गुण जास्त मिळाले आणि डोक्यावर लावलेल्या तारांमधून दिसणारी लक्ष देण्याची लहरही मोठी झाली. हा अभ्यास २००९ चा. नुसतं चालणं, तेही वीस मिनिटं. आपल्याकडे परीक्षा जवळ आली की पहिला बळी पीटीच्या तासाचा जातो. हा अभ्यास आठवला की मला त्याचं फार वाईट वाटतं.

तुमच्या वयात फायदा मुलांइतका दिसत नाही. शाळकरी मुलं आणि साठीपुढची माणसं यांच्यात तो जास्त, पंचविशीत कमी. कारण पंचविशीतला मेंदू त्या कामांत आधीच आपल्या शिखराजवळ असतो, वर जायला जागाच थोडी.

आतापर्यंत मी लक्ष आणि विचार याबद्दल बोलले. पाठांतराची गोष्ट वेगळी आहे आणि इथे गंमत उलटी होते. व्यायाम अभ्यासाच्या आधी करण्याऐवजी नंतर केला तर? नेदरलँड्समधल्या राडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये ७२ जणांना ९० चित्रं आणि त्यांच्या पडद्यावरच्या जागा पाठ करायला दिल्या. एका गटाने लगेच ३५ मिनिटं जोरात सायकल चालवली, दुसऱ्याने चार तासांनी चालवली, तिसऱ्याने चालवलीच नाही. दोन दिवसांनी विचारलं तेव्हा सर्वांत जास्त आठवलं ते चार तासांनी सायकल चालवणाऱ्यांना. लगेच चालवणारे आणि न चालवणारे यांच्यात फरक नव्हता. आठवण पक्की होण्याचं काम शिकल्यावर कित्येक तास चालू असतं आणि व्यायामात सुटणारी डोपामिन, नॉरॲड्रेनॅलिन त्याला हात देतात, असं त्यामागचं स्पष्टीकरण आहे. दुसरीकडे, २०१२ मधल्या एका अमेरिकी प्रयोगात ५० ते ८५ वर्षांच्या लोकांनी चित्रं पाहिल्यावर लगेच फक्त सहा मिनिटं सायकल चालवली आणि तासाभराने त्यांना जास्त चित्रं आठवली. त्यांत सौम्य विस्मरण असलेलेही होते. वेळ चार तासांनीच, हा नियम म्हणून दगडावर कोरण्याइतका पुरावा नाही. पण पाठांतरानंतरची हालचाल वाया जात नाही, एवढं मी खात्रीने सांगते.

म्हणून राज्यघटनेच्या अनुसूची, कलमं, नद्या आणि त्यांच्या उपनद्या, सनावळ्या असलं रटाळ पण लागणारं काम तुम्ही दुपारी दोनच्या सुमारास करा आणि संध्याकाळी सहाला पर्वतीची टेकडी चढा. १०३ पायऱ्या आहेत. दोन-तीनदा चढउतार केलात की चांगला घाम निघतो. खाली येताना गुडघे सांभाळा, पायरीवर अख्खं पाऊल टेकवून उतरा. दुपारी पेंगत पुस्तकावर डोकं टेकवणाऱ्यांसाठी तर हा बदल मी नेहमीच सुचवते.

नुसतं चालताना सुचतं, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव स्टॅनफर्डमध्ये २०१४ साली तपासून झाला आहे. एखाद्या वस्तूचे वेगवेगळे उपयोग सांगा, अशा कामात ८१ टक्के लोकांना बसल्यापेक्षा चालताना जास्त कल्पना सुचल्या. समोर कोरी भिंत असलेल्या ट्रेडमिलवरही. एकच नेमकं उत्तर असलेल्या कोड्यांत मात्र चालण्याने किंचित तोटाच झाला. निबंधाचे मुद्दे, मुलाखतीची उत्तरं यांची जुळवाजुळव चालताना करा. आकडेमोड आणि पर्याय निवडणं बसून करा.

आता एक कटू गोष्ट. धावल्यावर वाटणारी तरतरी आणि खरोखर वाढलेली क्षमता या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि त्या नेहमी बरोबर येत नाहीत. जॉर्जिया विद्यापीठात २०१७ मध्ये कमी झोपणाऱ्या १८ ते २३ वर्षांच्या मुलींना एका दिवशी दहा मिनिटं जिने चढउतार करायला लावलं आणि एका दिवशी ५० मिलिग्रॅम कॅफिन दिलं, साधारण एका सोड्याच्या कॅनमध्ये असतं तेवढं. जिन्यांनी त्यांना कॅफिनपेक्षा जास्त ताजंतवानं वाटलं. पण लक्ष, स्मरण आणि प्रतिक्रियेचा वेग यांच्या चाचण्यांत दोन्हींपैकी कशानेही म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मुली साडेसहा तासांपेक्षा कमी झोपत होत्या. पेठेतल्या किती खोल्यांतले दिवे रात्री दीडलाही चालू असतात हे मला ठाऊक आहे. पहाटे साडेपाचला उठून धावायचं असेल तर साडेदहाला झोपायलाच हवं. ते जमत नसेल, तर झोप कापून धावू नका. सातला उठा आणि वीस मिनिटं भरभर चाला.

झोप आणि व्यायाम यांचा मेळ नीट बसला तर परिणाम दुसऱ्या दिवशीपर्यंतही पोहोचत असावा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २०२४ मध्ये ५० ते ८३ वयाच्या ७६ जणांच्या मनगटावर आठ दिवस यंत्र बांधून नोंदी घेतल्या. ज्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त दमदार हालचाल झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी स्मरणाच्या चाचण्यांत थोडे जास्त गुण मिळाले. गाढ झोपेचाही स्वतंत्र वाटा दिसला. हा नुसता निरीक्षणाचा अभ्यास आहे आणि माणसं तुमच्या दुप्पट वयाची. तरी शिकणं, हालचाल आणि झोप ही साखळी एकाच दिवसाची नाही, हे त्यातून कळतं.

संशोधनाबद्दलही एक स्पष्ट बोलते. व्यायामाच्या प्रयोगात कोण धावलं हे धावणाऱ्यापासून लपवता येत नाही. साखरेची गोळी असते तशी खोटी धाव नसते. "धावल्यावर डोकं चालतं" हे ऐकून आलेला माणूस चाचणीत जास्त जोर लावतोच. नियमित व्यायामाचा बुद्धीवर होणारा परिणाम पाहणाऱ्या २४ एकत्रित विश्लेषणांची, म्हणजे ११ हजारांवर माणसांची, २०२३ मध्ये पुन्हा छाननी झाली. फायदा न दिसलेले अभ्यास बहुधा छापलेच जात नाहीत, ही गोष्ट हिशोबात धरल्यावर फायदा खूपच आक्रसला. मी व्यायामावर पोट भरणारी बाई आहे, तरी हे तुमच्यापासून लपवणं मला योग्य वाटत नाही. धावण्याची कारणं हृदय, हाडं, मन, झोप अशी भक्कम आहेत. अभ्यासाला होणारी मदत ही वरकड मिळकत समजा.

तुमची सकाळ मी अशी बसवेन. सहाला धावणं संपलं की पाच मिनिटं चालत खोलीवर या, एकदम थांबू नका. दोन ग्लास पाणी, एखादं केळं. दहा मिनिटांत आंघोळ. साडेसहाच्या आत टेबलाशी. मोबाइल सात-साडेसातपर्यंत पिशवीत. या तासात सीसॅटचे उतारे आणि तर्काचे प्रश्न घ्या, म्हणजे जिथे फसव्या पर्यायांना नाही म्हणावं लागतं ते काम. वर्तमानपत्र, नोट्स उतरवणं, व्हिडिओ या वेळात अजिबात नको, ते दुपारी पेंगतानाही होतं. पोहे, उपमा, जे काय मेसमध्ये असेल ते साडेसातनंतर. भरल्या पोटी जे जडपण येतं ते या तासात नको. अभ्यासिका उघडी नसेल तर खोलीवरच बसा, मैत्रीण झोपलेली असते तेव्हा शांतता मिळते.

एप्रिल-मेमध्ये पाण्याकडे लक्ष ठेवा. धावण्याआधी आणि नंतर वजन करून पाहा. शरीराच्या दोन टक्के वजन घामात गेलं, म्हणजे ५५ किलोच्या मुलीचं किलोभर, की लक्ष आणि प्रतिक्रिया दोन्ही ढिले पडतात आणि व्यायामाने कमावलेलं तिथेच जातं.

परीक्षेच्या दिवशी धावू नका. केंद्रावर खूप आधी पोहोचावं लागतं, त्यामुळे पहाटेच्या धावण्याचा उपयोग पेपर सुरू होईपर्यंत ओसरलेला असेल. उलट पाय मुरगळणं, उशीर होणं असले धोके आहेत. रिक्षातून थोडं अलीकडे उतरा आणि शेवटचं पाऊण-एक किलोमीटर भरभर चाला. आत सोडेपर्यंत भिंतीला टेकून घाईघाईने नोट्स चाळण्यापेक्षा आवारात फेऱ्या मारा. दोन पेपरांच्या मधल्या वेळेत जेवण हलकं ठेवा आणि दुसऱ्या पेपरच्या आधीची वीस मिनिटं पुन्हा चालण्यात घालवा. सीसॅट बहुधा दुपारी असतो. दोन तासांत ८० प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, आणि शरीर मात्र जेवल्यावर झोपायला पाहत असतं. चालण्याचा सर्वांत प्रामाणिक उपयोग मला तिथे दिसतो. हे मात्र आधी चार-पाच सराव परीक्षांच्या दिवशी करून बघा. परीक्षेच्या दिवशी नवं काहीही नको, बूटसुद्धा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मी विचारणार. धावताना पूर्वीपेक्षा लवकर धाप लागते का? जिना चढून गेल्यावर छातीत धडधड होते का? दुपारी विनाकारण गळून जाता का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ दरम्यान, देशातल्या १५ ते ४९ वर्षांच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. मेसचं अपुरं जेवण, जेवणानंतर लगेच चहा, पाळीत जास्त रक्त जाणं, वर रोज पाच किलोमीटर, हे सगळं एकत्र आलं की लोह संपतंच. लोह कमी असलं की दम लवकर लागतो आणि लक्षही टिकत नाही. मग दोष धावण्यावर येतो. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, एकदा तपासून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर आधी डॉक्टरांकडे जा, वेग वाढवण्याचं नंतर पाहू. छातीत दुखणं, धावताना भोवळ येणं असं काही असेल तर धावणं आजच थांबवा आणि तपासणी करा.

आणि शेवटी, माझ्यावरही विसंबू नका, मोजून बघा. चौदा दिवस घ्या. रोज सकाळी उठल्यावर नाणं उडवा: छाप आला तर धावायचं, काटा आला तर तेवढा वेळ शांत बसायचं किंवा अंथरूण-पांघरूण आवरायचं. नाणं हवंच. नाहीतर झोप चांगली झालेल्या दिवशीच तुम्ही धावाल आणि झोपेचं श्रेय धावण्याला द्याल. दोन्ही दिवशी साडेसहाला सारख्याच कठीणतेचे वीस प्रश्न, तीस मिनिटं लावून. किती बरोबर, किती चुकले, रात्री किती तास झोप झाली, एवढंच वहीत लिहा. चौदा दिवस होईपर्यंत मागची पानं उलटून बेरीज करू नका. पाळीच्या दिवसांची खूण करून ठेवा. मग दोन रकाने समोरासमोर मांडा आणि मैत्रिणीलाही दाखवा. काटा पडलेल्या दिवसांचे गुण जास्त निघाले तर वेग कमी करून आणखी चौदा दिवस करा, आणि तरीही तसंच निघालं तर धावणं संध्याकाळी न्या.